प्रश्न वाचकांचे : जंतुरोधक प्लास्टिक, सिलिकोनचा कान आणि शुक्राणूंची मोजणी

या अंकासाठी आलेल्या पत्रांतून नऊ प्रश्न घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं सूक्ष्मजीवशास्त्र, चेहऱ्याचे कृत्रिम अवयव आणि वंध्यत्व-तपासणी या क्षेत्रांत रोज काम करणाऱ्यांनी लिहिली आहेत.

प्रश्न : भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड घेतला. वेष्टनावर ‘चांदीच्या आयनांमुळे ९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असं छापलंय. मग तो दर वेळी साबणाने घासायलाच हवा का? (ठाणे)

घासायलाच हवा. छापलेला आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो कुठल्या परिस्थितीत मिळाला हे वेष्टनावर नसतं. अशा मालाची चाचणी बहुधा आयएसओ २२१९६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने होते. तिचं मूळ जपानच्या जेआयएस झेड २८०१ या मानकात आहे. प्लास्टिकचा ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा घेतात, त्यावर जिवाणू मिसळलेलं ०.४ मिली पातळ द्रावण टाकतात आणि वरून ४ बाय ४ सेंटिमीटरची फिल्म झाकतात, म्हणजे थर सगळीकडे सारखा पसरतो. दर मिलीत साधारण ६ लाख जिवाणू असतात. हिशेब केला तर फिल्मखाली २ लाख ४० हजार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १५ हजार. हा तुकडा ३५ अंश सेल्सिअसला, ९० टक्क्यांहून जास्त दमटपणात २४ तास ठेवतात. मग जिवाणू धुऊन काढतात, अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) वाढवतात आणि वसाहती, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, मोजतात. चांदी न घातलेल्या तशाच प्लास्टिकचे तुकडेही बरोबरीने ठेवलेले असतात. दोन्ही मोजण्यांचे लॉगरिदम (संख्या दहाचा कितवा घात आहे ते) वजा केले की उत्तर मिळतं : फरक १ आला तर ९० टक्के, २ आला तर ९९, ३ आला तर ९९.९. जपानी मानकात २ हा फरक पुरेसा धरतात.

आता तुमचा ओटा बघा. बोर्ड अर्ध्या तासात वाळतो. चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, प्लास्टिकमधून सुटायला आणि जिवाणूपर्यंत पोहोचायला पाणी लागतं, आणि वर फिल्म झाकलेली नसते. चिकनचा रस किंवा दूध सांडलं की त्यातली प्रथिनं आयन धरून ठेवतात, मिठातल्या क्लोराइडशी चांदीची न विरघळणारी संयुगं होतात. त्यातून कांदा चिरायला लागतात पाच मिनिटं, चाचणीला दिले होते चोवीस तास. शिवाय ठरलेले जिवाणू दोनच, ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस. विषाणू किंवा बुरशीबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. बोर्ड आवडला असेल तर वापरा, पण चांदी नाही असं समजून : साबण, पाणी, उभा करून वाळवणं, आणि कच्च्या मांस-मासळीला वेगळा बोर्ड. सुरीच्या चरा खोल गेल्या की बदला.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चिटोसान या कोळंबी-खेकड्याच्या कवचांपासून मिळणाऱ्या पदार्थाची फिल्म केली. अगारवर ठेवल्यावर भोवती स्वच्छ वर्तुळ येत नाही, पण द्रावणात बुडवली की वसाहती कमी होतात. मार्गदर्शक म्हणतात, फिल्म निकामी आहे. कुणाचं बरोबर? (कोल्हापूर)

वर्तुळावरून तरी फिल्मला निकामी म्हणता येणार नाही. अगारवरचं वर्तुळ फक्त पदार्थातून काही झिरपून बाहेर पसरतं का, एवढंच दाखवतं. चांदीचे आयन झिरपतात, म्हणून त्यांचं वर्तुळ येतं. चिटोसानच्या किंवा क्वाटर्नरी अमोनियम या धनभारित जंतुनाशकाच्या लांब साखळ्या जागेवरच असतात आणि चिकटलेल्या जिवाणूचं आवरण फोडतात. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या गटाने काचेवर पॉलिव्हिनाइलपिरिडिनच्या साखळ्या रासायनिक बंधाने बसवून दाखवल्या. तिथे काही सुटून जात नव्हतं, तरी काचेवर पडलेले जिवाणू मरत होते. अशा पदार्थांसाठी जिवाणूंच्या द्रावणात तुकडा घालून हलवत ठेवायची पद्धत योग्य, तुम्ही जवळपास तेच केलंय.

तरी खूश व्हायच्या आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, ॲसिटिक आम्ल. चिटोसान तुम्ही साधारण १ टक्का ॲसिटिक आम्लात विरघळवला असेल. फिल्म वाळली तरी आम्ल आत राहतं, आणि ते एकटंच जिवाणू मारतं. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये फिल्म बुडवा, मग धुणाचा पीएच उदासीन होईपर्यंत पाण्याने धूत राहा. प्रयोगाच्या शेवटी द्रावणाचा पीएच मोजून वहीत लिहा. मात्र इथे एक गंमत आहे. चिटोसानचे अमाइन गट पीएच साधारण ६.५ च्या खाली धनभारित होतात आणि मारण्याचं काम त्या धनभाराचं. त्यामुळे पीएच ७.४ च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) परिणाम खूप घटला तर फिल्मला दोष देऊ नका. ५.८ आणि ७.४ असे दोन्ही पीएच ठेवा आणि दोन्हींत फिल्म नसलेला नमुनाही ठेवा.

दुसरी, उदासीनीकरण, म्हणजे वेळ संपताच चिटोसानचं काम थांबवणं. वेळ संपल्यावर द्रावण थेट अगारवर पसरलं तर बरोबर गेलेला चिटोसान अगारवरही काम करत राहतो आणि मोजणी उगाच कमी येते. आयएसओ २२१९६ मध्ये जिवाणू धुवायला जे माध्यम वापरतात त्यात लिटरमागे १ ग्रॅम लेसिथिन आणि ७ ग्रॅम पॉलिसॉर्बेट ८० घालतात, ते धनभारित पदार्थांना गुंडाळून गप्प करतात. चांदीसाठी मात्र थायोसल्फेट किंवा थायोग्लायकोलेट लागतं. हे माध्यम स्वतः जिवाणू मारत नाही ना, हेही एका वेगळ्या नमुन्यात दाखवावं लागतं. प्रबंधांत ही पायरी सर्रास गाळलेली असते आणि परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतात.

तिसरी, मेले की नुसते चिकटले? जिवाणूंवर ऋणभार, फिल्मवर धनभार. फिल्मला चिकटून बसलेले जिवंत जिवाणू द्रावणाच्या मोजणीतून गायब होतात. वेळ संपल्यावर तुकडा लेसिथिन-पॉलिसॉर्बेटच्या माध्यमात टाकून मिनिटभर जोरात घुसळा आणि ते धुणही अगारवर पसरा. जिवंत-मृत वेगळे दाखवणारा रंग देऊन फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली बघता आली तर प्रश्नच मिटतो. तीच फिल्म न धुता तीन-चार वेळा वापरूनही पाहा. मेलेल्या जिवाणूंचा थर साचला की खालचा धनभार झाकला जातो, आणि अशा फिल्म बहुतेक वेळा याच कारणाने थकतात.

प्रश्न : भावाला जन्मापासून उजवा कान नाही. सिलिकोनचा कान बसवता येईल असं डॉक्टर म्हणतात. तो कसा करतात, कसा टिकतो, किती वर्षं चालतो? (अकोला)

आधी माप. भावाला खुर्चीत ताठ बसवतात, झोपवत नाहीत, कारण आडवं झालं की गालाची कातडी मागे ओघळते आणि माप चुकतं. केसांना व्हॅसलीन लावून ते बाजूला करतात, कानाचं छिद्र असेल तर दोरा बांधलेला कापूस घालतात. मग आल्जिनेट, तेच जे दातांच्या मापाला वापरतात, नेहमीपेक्षा थोडं पातळ कालवून ओततात. ते अर्धवट घट्ट असताना वर गॉज आणि त्यावर प्लास्टरचा थर देतात, नाहीतर काढताना माप वाकतं. तोंड उघडताना जबड्याचा सांधा कानापुढची कातडी हलवतो, म्हणून तोंड मिटलेलं आणि उघडलेलं अशा दोन्ही स्थितींत ती जागा तपासतात. हे राहून गेलं तर कान आरशात छान दिसतो आणि जेवायला बसलं की पुढची कड उचकटते.

डाव्या कानाचंही माप घेऊन त्याची प्रतिकृती करतात. उजवा कान म्हणजे तिचं आरशातलं रूप, ते मेणात कोरावं लागतं. हल्ली स्कॅन करून संगणकात उलटवतात आणि छापून काढतात. वेळ वाचतो, तरी शेवटचा हात मेणावरच फिरतो, कारण कातडीचे बारीक पोत छापून येत नाहीत. मेणाचा कान भावाच्या चेहऱ्याला लावून बघण्याची बैठक सगळ्यांत महत्त्वाची. ती घाईत उरकू देऊ नका. कानाचं वरचं टोक साधारण भुवईच्या रेषेत, पाळी नाकपुडीच्या तळाच्या रेषेत, कल नाकाच्या दांड्याशी जवळपास समांतर. समोरून बघताना दोन्ही कान डोक्यापासून सारखेच बाहेर आलेले दिसायला हवेत. घरचं माणूस बरोबर न्या. नात्यातली नजर मोजपट्टीच्या आधी चूक पकडते.

मेण पसंत पडलं की डेंटल स्टोनमध्ये (दातांच्या कामाच्या कडक प्लास्टरमध्ये) साचा. कानाच्या कडेमागे खाच असल्याने तो तीन भागांचा करतात, दोन भागांचा केला तर काढताना कान फाटतो. गरम पाण्याने मेण वितळवून काढतात आणि साचा साबणाने स्वच्छ धुतात. सिलिकोन दोन घटकांचं येतं. चेहऱ्याच्या कामाला वापरायच्या प्लॅटिनमवाल्या (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या) प्रकारांत वजनाने १० ला १ हे प्रमाण बरंच चालतं, आणि ते काट्यावरच मोजायचं. निर्वातात ठेवल्यावर मिश्रण फुगतं आणि मग खाली बसतं, तेव्हा हवा गेली असं समजायचं. रंग दिवसाच्या उजेडात, भावाला शेजारी बसवून जुळवतात. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग रस्त्यावर हमखास वेगळा दिसतो. लाल-निळे रेयॉनचे बारीक तंतू मिसळले की कातडीखालच्या केशवाहिन्यांचा भास होतो. कडेचा भाग पातळ आणि थोडा पारदर्शक, आतली वाटी लालसर, असे थर साच्यात आधीच भरतात. वरवरची रंगसफाई शेवटी, आणि चेहऱ्याला टेकणारी कड कागदासारखी पातळ.

बसवण्याचे मार्ग दोन. एक, त्वचेचं चिकटद्रव्य. रोज लावायचं, रात्री काढायचं. घाम फार येत असेल तर दुपारपर्यंत पकड सैल होते. दुसरा, हाडात टायटॅनियमचे स्क्रू. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला हाडात टायटॅनियम बसवण्याचं तंत्र काढणाऱ्या ब्रानेमार्क यांच्या गटाने १९७९ साली असा पहिला कान बसवला. कानामागच्या हाडात ३ ते ४ मिलिमीटर लांबीचे दोन स्क्रू, कर्णछिद्राच्या मध्यापासून साधारण २० मिलिमीटरवर. फार पुढे बसले तर कानाच्या वाटीतून डोकावतात, फार मागे गेले तर कडेबाहेर येतात. हाड स्क्रूला धरेपर्यंत सुमारे तीन महिने थांबतात, किरणोपचार झालेल्या हाडात बरंच जास्त. मग स्क्रूंवर दांडी-क्लिप किंवा चुंबक बसवून त्यावर कान अडकवतात. चुंबकाचा कान एमआरआयच्या खोलीत नेऊ नका, आणि डोक्यातल्या स्क्रूंबद्दल आधीच सांगा. स्क्रूभोवतीची कातडी रोज मऊ ब्रशने स्वच्छ केली नाही तर ती सुजते. हे काम रुग्णाचं असतं, डॉक्टरांचं नाही.

आयुष्य साधारण एक ते दोन वर्षं. आधी रंग उडतो, ऊन आणि धूर ही मुख्य कारणं. मग त्वचेचं तेल सिलिकोनमध्ये मुरतं आणि पातळ कड चिकटद्रव्य काढताना फाटते. म्हणून पहिल्याच वेळी साचा जपून ठेवायला सांगा आणि रंगांचं वजनी प्रमाण लिहून घ्या. दुसरा कान निम्म्या बैठकांत होईल.

प्रश्न : दंत-प्रयोगशाळेत काम करतो. सिलिकोनचं नाक साच्यातून काढलं तर काही जागी चिकट राहिलंय. प्रमाण तर बरोबर होतं. (सांगली)

चिकटपणा कुठे आहे ते सांगतो की चूक कुठली. सगळं नाक आतून-बाहेरून मऊ, ओघळतं राहिलं तर प्रमाण किंवा कालवणं चुकलं. फक्त साच्याला टेकलेला पृष्ठभाग चिकट आणि आतलं नीट घट्ट झालं असेल, तर प्लॅटिनम ‘विषबाधित’ झालंय. प्लॅटिनमवाल्या सिलिकोनमध्ये उत्प्रेरक अगदी थोडा असतो आणि गंधक, अमाइन किंवा कथिलाची संयुगं त्याला धरून बसतात. मग ते कितीही दिवस ठेवा, घट्ट होत नाही.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय लॅटेक्सच्या हातमोज्यांवर. ते गंधकाने पक्के केलेले असतात. साच्यावरून नुसतं बोट फिरवलं तरी पुरतं. नायट्राइलचे वापरा आणि बॉक्सवर गंधकमुक्त लिहिलंय का बघा. दुसरा संशय, मेणाऐवजी मॉडेलिंगची माती वापरली होती का? बऱ्याच मातींत गंधक असतो, साचा धुतला तरी तो छिद्रांत राहतो. तिसरा, त्याच फ्लास्कमध्ये (साचा धरायच्या डब्यात) किंवा त्याच चमच्याने आधी कथिलवालं सिलिकोन केलं होतं का? नवीन साच्यावर आधी चिमूटभर सिलिकोन लावून घट्ट होतंय का ते बघायची सवय ठेवा, एका दिवसाचं काम वाचतं. पृष्ठभागावर बुडबुडे असतील तर तो वेगळा प्रश्न, साच्यात पाणी राहिलंय. स्टोनचा साचा रात्रभर वाळवा. चिकट राहिलेलं नाक नव्या थराने झाकायचा प्रयत्न करू नका, वरचा थरही तिथेच चिकट राहील.

प्रश्न : मग कृत्रिम कानाच्या सिलिकोनमध्येच चांदी मिसळली तर जंतू वाढणार नाहीत, असं का करत नाहीत? (अमरावती)

प्रयोग होतात. सिलिकोनवर कँडिडा ही बुरशी खरंच धरते, त्वचेचं तेल आणि ओल तिला पुरेशी असते. पण चांदीचे अतिसूक्ष्म कण सिलिकोनला पिवळट-तपकिरी झाक देतात आणि दोन बैठका घालवून जुळवलेला रंग जातो. दुसरी अडचण, चांदी सिलिकोनच्या आत बंद राहते, पाणी न शिरणाऱ्या पदार्थातून आयन फारसे बाहेर येत नाहीत. बाहेर यावेत म्हणून प्रमाण वाढवलं तर फाटण्याची ताकद घटू शकते, आणि सगळ्यांत पातळ असते ती कडच. सध्या तरी रात्री काढणं, सौम्य साबणाने बोटांनी धुणं, पूर्ण वाळवणं आणि खालची कातडी मोकळी ठेवणं याला पर्याय नाही. स्पिरिट, ब्लीच, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांपैकी काहीही लावू नका.

प्रश्न : पुण्याच्या एका कुंभाराने तुटलेलं नाक बसवलं होतं, असं वाचलं. दंतकथा आहे का? (पुणे)

दंतकथा नाही. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हे वर्णन चित्रासह छापलं आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा-कौलं करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. कृती अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांमधला एक अरुंद पट्टा जोडलेला ठेवून ती खाली वळवायची. वर विड्यातला कात भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात बुडवलेल्या पट्ट्या. साधारण पंचविसाव्या दिवशी मधला पट्टा कापायचा. तो जोडलेला पट्टा म्हणजे रक्तपुरवठा, सगळी करामत त्यातच आहे. हे वाचून लंडनच्या कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. मेणात आधी आकार बघायचा, ही रीत वर सांगितलेल्या कानापर्यंत तशीच आहे.

प्रश्न : पतीच्या वीर्य तपासणीत एका लॅबने मिलीमागे २.२ कोटी शुक्राणू सांगितले, दहा दिवसांनी दुसऱ्या लॅबने ४.१ कोटी. कुठला रिपोर्ट खरा? (नाशिक)

दोन्ही खरे असू शकतात. एकाच माणसाचे नमुने आठवड्यागणिक दुपटीने बदलतात. म्हणून एका रिपोर्टवर निर्णय घ्यायचा नसतो. पण आकडा मोजला कसा, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवसांचा संयम, आणि दोन्ही वेळा सारखाच. दोन दिवसांचा नमुना सात दिवसांच्या नमुन्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. पहिले थेंब सांडले असतील तर न लपवता सांगा, बहुतेक शुक्राणू सुरुवातीच्या भागात असतात. डबी रुंद तोंडाची, आणि ते प्लास्टिक शुक्राणूंना मारत नाही हे लॅबने आधी तपासलेलं. लॅबचीच घ्या. घरातली ‘जंतुरोधक’ डबी तर मुळीच नको, जिवाणूंचं आवरण फोडणारी बरीच रसायनं शुक्राणूंचंही फोडतात. साधा कंडोम, साबण, तेल, थुंकी यांपैकी काही नको. घरून आणत असाल तर शर्टाच्या आतल्या बाजूला, अंगाच्या उबेत, तासाच्या आत.

लॅबमध्ये नमुना आधी पातळ होऊ देतात, मग वजनावरून आकारमान काढतात. सिरिंजमध्ये ओढून मोजलं तर ०.३ ते ०.९ मिली आतच चिकटून राहतं. नीट हलवून ५० मायक्रोलिटर नमुना ९५० मायक्रोलिटर द्रावणात, म्हणजे २० पट पातळ. वीर्य दाट असल्याने साध्या पिपेटमध्ये ते कमी येतं, दट्ट्या थेट द्रवाला टेकणारं पिपेट हवं. हे मिश्रण सुधारित न्यूबॉअर चेंबरच्या (पेशी मोजायच्या, जाळी आखलेल्या काचेच्या) दोन्ही बाजूंना भरतात, शुक्राणू तळाशी बसेपर्यंत दमट डबीत काही मिनिटं ठेवतात आणि मधल्या जाळीच्या ओळी मोजतात. एका ओळीत २० नॅनोलिटर मावतात. २० पट पातळ आणि २० नॅनोलिटर, त्यामुळे हिशेब सोपा : एकूण शुक्राणू भागिले ओळींची संख्या म्हणजे मिलीमागे दशलक्ष. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच ओळींत ४१० मिळाले तर ४१० भागिले १०, म्हणजे ४१ दशलक्ष, ४.१ कोटी.

किती शुक्राणू मोजले, यावर सगळी भिस्त. मोजणीतली चूक संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. ४०० मोजले तर २०, म्हणजे ५ टक्के. घाईत ५० मोजले तर ७, म्हणजे १४ टक्के, आणि ९५ टक्के खात्रीसाठी ती दुप्पट धरावी लागते. म्हणून प्रत्येक बाजूला किमान २०० मोजायचे असतात. दोन्ही मिळून ४०० असतील आणि बाजूंमधला फरक ३९ पेक्षा जास्त आला तर दोन्ही टाकून पुन्हा पातळ करायचं. एक थेंब काचेवर टाकून ‘अंदाजे’ आकडा देणाऱ्या लॅबचा रिपोर्ट तुलनेला घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची संदर्भ मर्यादा मिलीमागे १.६ कोटी आणि एका नमुन्यात एकूण ३.९ कोटी आहे. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांपैकी सगळ्यांत कमी ५ टक्क्यांची ती रेषा आहे, पास-नापासची नव्हे. तुमचे दोन्ही आकडे वर आहेत. हालचाल किती टक्के आहे ते बघा, पुढे जाणारे शुक्राणू ३० टक्क्यांच्या वर हवेत. मधल्या काळात जोराचा ताप आला होता का, तेही डॉक्टरांना सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आजच्या रिपोर्टात मागचा डेंग्यू दिसू शकतो.

प्रश्न : ‘महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७’ म्हणजे प्रत्येक बाईला १.७ मुलं? आमच्या गल्लीत तर तसं दिसत नाही. (लातूर)

गल्लीत दिसणारही नाही, कारण हा आकडा कुठल्याच खऱ्या बाईचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३ आणि देशाचा २.० आला. पाहणीआधीच्या तीन वर्षांतले जन्म घेऊन १५ ते ४९ वयाचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात आणि प्रत्येक गटात हजार स्त्रियांमागे वर्षाला किती जन्म ते काढतात. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घ्या : ४०, १४०, ११०, ३५, १०, ३, २. बेरीज ३४०. प्रत्येक गटात बाई पाच वर्षं राहते, म्हणून गुणिले ५, भागिले १०००, उत्तर १.७. म्हणजे एखादी मुलगी या सातही गटांतून आजच्याच दरांनी गेली तर तिला इतकी मुलं होतील. एखाद्या पिढीने लग्नं दोन वर्षं पुढे ढकलली तर मुलं शेवटी तेवढीच होऊनही मधल्या काळात दर खाली दिसतो. तुमच्या गल्लीतल्या साठीच्या बायकांची मुलं त्यांच्या काळच्या दरांनी झाली आहेत.

प्रश्न : वय ३१. एएमएच (अंडाशयात किती अंडी उरली याचा अंदाज देणारं हॉर्मोन) ०.९ आलं म्हणून घाबरले आहे. ओव्ह्युलेशनच्या (अंडं फुटायची वेळ सांगणाऱ्या) पट्टीवर मात्र सलग आठ दिवस दोन रेघा येतात. पीसीओएस (हॉर्मोनचा तोल बिघडून अंडं नियमित न फुटण्याचा विकार) आहे असंही एकदा सांगितलं होतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत. (बेळगाव)

बायोटिनपासून सुरुवात करू. अनेक यंत्रांत हॉर्मोन मोजताना बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांची जोडी वापरतात. गोळीतलं बायोटिन ती जागा आधीच अडवतं आणि एएमएचसारखा आकडा खोटाच कमी येऊ शकतो. केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. पीसीओएसमध्ये एएमएच उलट जास्त असतं, म्हणून तुमच्या ०.९ वर शंका घ्यायला जागा आहे. डॉक्टरांना सांगून गोळ्या किमान तीन दिवस बंद ठेवा आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा द्या. एककही बघा : १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. आणि आकडा खरंच कमी निघाला तरी त्याचा अर्थ आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी अंडी कमी मिळतील, असा होतो. ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांच्या २०१७ च्या अमेरिकी अभ्यासात कमी एएमएच असणाऱ्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचं प्रमाण घटलेलं आढळलं नाही.

पट्टी लघवीतलं एलएच, म्हणजे अंडं फुटायच्या आधी उसळणारं हॉर्मोन, दाखवते. तपासणीची रेघ नियंत्रण रेघेइतकी किंवा जास्त गडद असेल तरच होकार, फिकी दुसरी रेघ म्हणजे नकार. पाळीच्या लांबीतून १७ वजा केलेल्या दिवसापासून, दुपारी, आधी दोन तास फार पाणी न पिता करा, आणि पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच वाचा. खरी उसळी आली की २४ ते ३६ तासांत अंडं फुटतं. पण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढलेलं राहतं, म्हणून आठ-आठ दिवस गडद रेघ येते आणि अंडं फुटलेलं नसतं. तुमच्यासाठी पट्टीवर पैसे घालण्यापेक्षा रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बरं, ३ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर अंडं फुटलं. हीही चाचणी बायोटिन बंद ठेवूनच करा, कारण इथे उलटा प्रकार होतो, आकडा खोटाच वाढतो. ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची : पाळी २८ दिवसांची असेल तर २१ व्या दिवशी, ३५ दिवसांची असेल तर २८ व्या.